उरलेले चौदा हजार खरंच उरतात का?

या महिन्यात घर सोडून एकटं राहायच्या खर्चावरच इतकी पत्रं आलीत की बाकीचे प्रश्न, सोनं घेऊ की एसआयपी करू वगैरे, सरळ पुढच्या अंकात ढकललेत. तीन पत्रं घेतलीयत. नावं नेहमीप्रमाणे गाळलीत आणि पत्रं थोडी कापलीत, एक तर चार पानी होतं.

प्रश्न : ताई, मी २६ वर्षांची, धनकवडीत आईबाबा आणि लहान भावाबरोबर राहते. नोकरी हिंजवडी फेज थ्रीला. रोज गाडीवरून नवले पूल, वारजे, चांदणी चौक करत जायला सव्वा तास आणि यायला पावणेदोन तास, पावसाळ्यात तर विचारूच नका. सीटीसी (कंपनीचा माझ्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) ५ लाख ४० हजार आहे, हातात ३८,२०० येतात. वाकडला एक वन आरके (एक खोली आणि स्वयंपाकघर) बघितलाय, भाडं १३,०००, डिपॉझिट ४०,०००, दलाली एक महिन्याचं भाडं. माझ्याकडे ८५,००० साठलेत. एक्सेलमध्ये हिशेब केला : भाडं १३,०००, लाइट ५००, किराणा-दूध-भाजी ३,०००, नेट-मोबाइल ९००, पेट्रोल ८००, गाडीचा हप्ता ३,४००, किरकोळ २,६००. म्हणजे २४,२०० खर्च आणि १४,००० शिल्लक. घरी सध्या ८,००० देते पण वेगळी राहिल्यावर ते अर्थात द्यावे लागणार नाहीत. आई म्हणते आपलं घर असताना दुसऱ्याला भाडं कशाला भरायचं, आणि लोक काय म्हणतील ते वेगळंच. बाबा काहीच बोलत नाहीत. ५०-३०-२० च्या नियमातही बसतंय, मग जमेल ना?

उत्तर : जमेल गं, फक्त चौदा हजार उरणार नाहीत. माझ्या हिशेबाने तीन हजार उरतील, ते कसं ते सांगते, आणि मग जायचं की नाही ते तू ठरव, कारण तीन हजार उरत असले तरी जावं असंच माझं मत आहे. फक्त लगेच नको, तीन महिन्यांनी.

आधी जमेची बाजू, कारण ती तू शीटमध्ये नीट लिहिलीच नाहीयेस. धनकवडी ते फेज थ्री जाऊन-येऊन पन्नासच्या वर किलोमीटर होतात. गाडीचं ॲव्हरेज ४५ धरलं आणि पेट्रोल शंभरच्या वर आहे हे लक्षात घेतलं तर बावीस दिवसांचे अडीच हजारांच्या पुढे जातात. वाकडवरून तेच ८०० लिहिलेयस, ते ठीक आहे, फार तर शंभर-दीडशे जास्त धर. म्हणजे सतराशे-अठराशे रुपये तिथेच वाचले. पण खरी कमाई पैशांची नाहीच, रोजचे तीन तास रस्त्यावर जातायत त्यातले दोन-सव्वादोन परत मिळणार, आणि नवले पुलाच्या उतारावर मागून येणाऱ्या कंटेनरच्या पुढे रोज गाडी काढायची नाही हे तर मी आई असते तर एवढ्यावरच हो म्हटलं असतं. त्यामुळे आईशी बोलताना ‘मला स्पेस हवीय’ इथून सुरुवात करू नकोस, ते खरं असलं तरी. रात्री पावणेनऊला घरी पोचतेस त्याबद्दल बोल.

आता ते ८,०००. तुझ्या शीटमध्ये सगळ्यात मोठी गडबड याच आकड्याची आहे. ‘अर्थात द्यावे लागणार नाहीत’ असं तू एका ओळीत उडवून लावलंयस आणि पुढच्याच ओळीत लिहिलंयस की बाबा काहीच बोलत नाहीत. मला या दोन ओळी एकमेकींना चिकटलेल्या दिसतात. तुझे ८,००० कशाकशात जातात हे तुला माहितीय का? कुठल्या घरात त्यातून लाइट बिल आणि औषधं जातात, कुठे भावाच्या कॉलेजचा हप्ता, आणि कितीतरी घरांत आई तेच पैसे मुलीच्या नावानं आरडीत टाकत असते आणि लग्नापर्यंत तोंडातून शब्द काढत नाही. तू गेल्यावर घरातला एका माणसाचा खर्च कमी होतो हे बरोबर, पण एका माणसाने घरखर्च काही चौथ्या हिश्श्याने कमी होत नाही, फ्रिज तेवढाच चालतो, सोसायटीचा मेंटेनन्स तेवढाच, गॅस जेमतेम आठवडाभर जास्त पुरतो. म्हणून बाबांबरोबर बस, आई समोर असली तर उत्तमच, आणि सरळ विचार की बाबा माझे आठ हजार कुठे लागतात. मी तुझ्या हिशेबात सध्या ५,००० धरलेत, एक वर्षापुरते. त्यांनी नको म्हटलं तर तुझा फायदा, पण नको म्हणायची संधी त्यांना मिळू दे, तू परस्पर शून्य लिहू नकोस.

लाइट ५०० हे घरी आईबाबा बिल भरतात त्या हिशेबाने लिहिलेलं दिसतंय. बघ, दोन किलोवॉटचा गीझर रोज अर्धा तास चालला की एक युनिट, महिन्याचे तीस झाले. वन आरकेमध्ये बहुतेक मुलं-मुली इंडक्शनवर भागवतात, तो पाऊण तास चालला तरी रोजचं एक-सव्वा युनिट, पस्तीस धर. छोटा फ्रिज वीस-पंचवीस. पंखा, लाइट, लॅपटॉप, वायफाय मिळून वीसेक. झाले ना शंभरच्या वर? आणि महावितरणचा पहिल्या १०० युनिटांचा जो दर आहे त्याच्या जवळपास दुप्पट दर १०१ व्या युनिटापासून लागतो. वरच्या युनिटांनाच लागतो, सगळ्यांना नाही, पण उन्हाळ्यात कूलर आला की वरचीच युनिटं वाढतात. शिवाय एकही बटण दाबलं नाही तरी स्थिर आकार असतोच. १,००० लिही. आणि मालकाला आत्ताच विचार की मीटर स्वतंत्र आहे की सबमीटर (मालकाच्या मीटरला जोडलेला), कारण काही ठिकाणी मालक स्वतःच युनिटचा दर ठरवून मोकळे होतात, मग स्लॅब वगैरे काही राहत नाही. स्वतंत्र मीटर असेल तर बिलावरचा बारा आकडी ग्राहक क्रमांक घे, महावितरणच्या ॲपवर मागची थकबाकी दिसते, आधीच्या भाडेकरूचं बिल तुझ्या गळ्यात नको. राहायला जायच्या दिवशी मीटरचा फोटो, नळांचे, भिंतींचे, गीझरचे पण. या फोटोंना तेव्हा काही अर्थ वाटत नाही, अकरा महिन्यांनी डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापायची वेळ आली की वाटतो.

गॅस हवा असेल तर इमारतीत पाइपलाइन आहे का बघ, नसेल तर इंडियन ऑइलचा पाच किलोचा ‘छोटू’ मिळतो, त्याला पत्त्याचा पुरावा लागत नाही, ओळखपत्रावर काम होतं. किलोमागे घरगुती सिलिंडरपेक्षा महाग पडतो हे खरं, पण एकटीला महिना-दीड महिना जातो आणि इंडक्शनवर पोळ्या करण्यापेक्षा मनस्ताप कमी.

खाण्याचे ३,००० वाचून मला जरा हसू आलं, रागावू नकोस. एका माणसाचा किराणा तीन हजारांत बसतो, नाही असं नाही, पण तो माणूस रोज दोन्ही वेळा स्वयंपाक करत असेल तर. तू सात वाजता ऑफिसमधून निघणार, साडेसातला घरी, मग भाजी चिरणार? सोमवारी चिरशील. मंगळवारी पण. गुरुवारी फोन हातात घेशील आणि १८० चा राइस पॅकिंग, डिलिव्हरी, प्लॅटफॉर्म फी, टॅक्स धरून अडीचशेच्या पुढे जाईल, आणि फ्रिजमध्ये सोमवारी आणलेली कोथिंबिरीची जुडी पिशवीतच काळी पडलेली असेल. एकट्याच्या स्वयंपाकात नासाडी फार, पाव किलो भेंडी पण एका वेळेला जास्तच होते आणि दुसऱ्या दिवशी तीच खायचा कंटाळा येतो. त्यामुळे मला विचारशील तर रात्रीचा डबा लाव, वाकड-हिंजवडीत डबेवाल्या काकू पायलीला पन्नास आहेत, आधी चार दिवस ट्रायल घे, पोळ्या मैद्याच्या नाहीत ना बघ. सकाळचं स्वतः कर, शनिवार-रविवार स्वतः कर. डबा, दूध, फळं, अंडी, थोडा किराणा आणि महिन्यातून तीन-चार वेळा बाहेरचं, असे सगळे मिळून ६,००० धर. मसाला, मेतकूट, चटण्या, लोणचं, भाजणी हे सगळं धनकवडीहून येईलच, आई कितीही रागावली असली तरी पिशवी भरल्याशिवाय सोडायची नाही.

आणि एक रकानाच राहिलाय, वर्षाचा. गाडीचा इन्शुरन्स आणि सर्व्हिसिंग, दिवाळी, मैत्रिणींच्या लग्नांचे आहेर आणि त्या लग्नांना जायचं भाडं (या वयात एका सीझनला चार लग्नं असतात), चष्मा, दात, फोनची स्क्रीन. यातलं काहीच ‘दर महिन्याचं’ नाही म्हणून कुठल्याच महिन्याच्या शीटमध्ये येत नाही, आणि म्हणूनच दर महिन्याला काहीतरी अचानक निघतं. वर्षाचे ३०,००० धर, महिन्याला २,५०० बाजूला.

आता बेरीज करू : भाडं १३,०००, लाइट १,०००, खाणं ६,०००, नेट-मोबाइल ९००, पेट्रोल ८००, हप्ता ३,४००, किरकोळ २,६००, वर्षाचे २,५००, घरी ५,०००. झाले ३५,२००. उरले तीन हजार. आणि यात मी सोसायटीचा मेंटेनन्स भाड्यातच आहे असं धरलंय, ते नक्की विचार. घर भाड्याने दिलं म्हणून सोसायटी मालकाकडून बिनभोगवटा शुल्क घेते ते मालकाचं असतं, तुझं नाही, आणि ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. काही ब्रोकर हे गुपचूप भाडेकरूच्या माथी मारतात.

५०-३०-२० बद्दल एवढंच की तो नियम अमेरिकेतून आलाय. गरजांना पन्नास टक्के, हौसेला तीस, बचतीला वीस. घरी पाठवायचे पैसे यातल्या कुठल्या डब्यात टाकायचे ते त्यात सांगितलेलंच नाही, आपल्याकडे तर निम्म्या पोरांचा हिशेब तिथेच फिरतो. सोड तो नियम.

महिन्याचं झालं, आता शिरायचा खर्च. डिपॉझिट ४०,०००, दलाली १३,०००, पहिलं भाडं ॲडव्हान्स १३,०००, म्हणजे चावी हातात येण्याआधी ६६,००० गेले. ॲग्रीमेंटचं बघ, भाडेकराराची नोंदणी महाराष्ट्रात सक्तीची आहे, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे, आणि जबाबदारी मालकाची आहे. मुद्रांक शुल्क एकूण भाडं अधिक डिपॉझिटवरचं वार्षिक १० टक्के व्याज, या बेरजेच्या पाव टक्का लागतं, तुझ्या आकड्यांवर चारशेच्या आत येतं, आणि महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. बाकी किरकोळ धरून सरकारी खर्च दोन हजारांच्या आत आहे. ब्रोकर पाच हजार म्हणाला तर वरचे कशाचे ते विचार, घरी येऊन अंगठे घेतात त्याचे थोडे जास्त देणं ठीक आहे. नोटरी करून भागवू म्हणाला तर नाही म्हण. लॉक-इन, म्हणजे घर सोडता न येण्याची मुदत, किती महिन्यांचं आहे ते सही करायच्या आधी वाच, सहा महिन्यांच्या लॉक-इनमध्ये तुझी कंपनी बदलली तर भाडं भरतच बसशील. डिपॉझिट बँकेतूनच दे, कॅश नको, आणि करारात आकडा लिहिलेला हवा.

मग टेम्पो, गादी, शेगडी, बादली-मग, तवा, कुकर, पोळपाट-लाटणं, झाडू, पडदे, एक्स्टेंशन बोर्ड, दोरी, चिमटे. पडदे कुणाच्याच यादीत नसतात आणि पहिल्या रात्री सगळ्यात आधी लागतात. ८५,००० मधून उरलेल्या १९,००० मधले हातात पाच-सात हजार राहिले तर नशीब. म्हणजे तू तीन वर्षं साठवलेलं सगळं एका आठवड्यात संपवून, महिन्याला तीन हजार उरतील अशा घरात शिरणार. पुढच्या महिन्यात ताप आला आणि चार दिवस बिनपगारी गेले की फोन आईलाच जाणार, आणि मग ते ‘मी म्हटलं नव्हतं’ ऐकायचं.

म्हणून माझं म्हणणं असं की तीन महिने घरातच राहून भाडं भर. खरंच भर. एक वेगळं खातं उघड ज्याचं यूपीआय फोनमध्ये लावायचं नाही, आणि १ तारखेला पगारातून २०,००० आपोआप तिकडे जाऊ देत, भाडं, लाइट आणि खाण्याचे. घरचे ८,००० चालू, हप्ता चालू. हातात ६,८०० राहतात, त्यातून पेट्रोल, मोबाइल, किरकोळ. घट्ट आहे पण बसतं. २० तारखेला त्या खात्यातून पैसे काढावे लागले तर वाकडला गेल्यावरही हेच होणार आहे, फक्त तिथे मालक असेल. नाही लागले तर तीन महिन्यांत ६०,००० जमतात, आधीचे ८५,००० मिळून १ लाख ४५ हजार, शिरायचा खर्च पंचाहत्तर-ऐंशी हजार धरला तरी पासष्ट-सत्तर हजार हातात राहतात, जवळपास दोन महिन्यांचा खर्च. आणि आई तीन महिने बघत असेल की पोरगी हे गंमत म्हणून करत नाहीये, त्याचा उपयोग मी सांगायला नको. तोच वन आरके तोपर्यंत जाईल, जाऊ दे, वाकडमध्ये वन आरकेंचा दुष्काळ नाही. एखादी मैत्रीण ऑफिसातली मिळाली तर टूबीएचके शेअरिंगचाही विचार कर, पण एकटीच राहायचंय असं वाटत असेल तर ते वाटणं चूक नाहीये, त्यासाठी पैसे मोजायची तयारी असली की झालं.

फ्रिज-वॉशिंग मशीन पहिल्या महिन्यात ईएमआयवर घेऊ नकोस. एक हप्ता आहेच. सेकंडहँड फ्रिज हिंजवडीत दर महिन्याला कुणीतरी कंपनी बदलून विकतंच असतं.

आणि पगाराबद्दल दोघा-तिघांनी विचारलंय म्हणून इथेच सांगते, ५ लाख ४० हजार भागिले बारा ४५,००० होतात मग ३८,२०० कसे. त्यात कंपनीच्या वाटचा पीएफ असतो, तुमच्या वाटचा असतो, ग्रॅच्युइटी असते, कुठे व्हेरिएबल पे असतो जो वर्षाच्या शेवटी मिळतो किंवा मिळत नाही, आणि व्यवसाय कर २०० जातो, फेब्रुवारीत ३०० (महिलांना २५,००० पगारापर्यंत तो माफ आहे, हिचा त्यावर आहे). घर बघताना सीटीसी विसरून जा, खात्यात काय येतं तेवढंच. भाड्याच्या पावत्या दाखवून टॅक्स वाचवायचा सल्लाही या पगाराला आता लागू नाही, आयकराच्या नव्या रचनेत पगारदारांना पावणेतेरा लाखांपर्यंत टॅक्सच बसत नाही.

प्रश्न : मी परभणी जिल्ह्यातला, पुण्यात पेठेत कॉट बेसिसवर (सामायिक खोलीत एक कॉट भाड्याने घेऊन) राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. बाबा सोयाबीन विकलं की एकदम पैसे देतात. दिवाळीनंतर ६०,००० दिले, आता जानेवारी संपत आला आणि २२,००० राहिलेत. पुढचे पैसे हरभरा निघून विकल्यावर, म्हणजे मेच्या सुरुवातीला धरा. कॉट ३,२००, मेस २,८००, अभ्यासिका १,२००. बाकीचे कुठे गेले कळत नाही, टेस्ट सिरीज घेतली, मित्रांना ५,००० उसने दिले. बाबांकडे परत मागायची लाज वाटते.

उत्तर : भाऊ, तुझा प्रॉब्लेम उधळेपणाचा नाही, साठ हजार एकदम खात्यात दिसले की कुणालाही आपण श्रीमंत आहोत असं वाटतं, आठ दिवस तरी. पगारदाराला महिना शिस्त लावतो, शेतकऱ्याच्या पोराला ती स्वतः लावावी लागते.

आत्ताचा हिशेब आधी. तुझा बांधलेला खर्च ७,२०० आहे. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल मिळून २१,६००. हातात २२,०००. म्हणजे चहाला पण पैसे नाहीत, तीन महिन्यांत चारशे रुपये. त्यामुळे ते ५,००० आधी परत आण. लाजायचं तर त्यांनी, तू कशाला. एकदम नसतील तर दर आठवड्याला पाचशे दे म्हणावं आणि ग्रुपवर नाही, समोर बसून सांगावं. ते आले की महिन्याला अठराशेच्या आसपास वरखर्चाला मिळतात आणि तेवढ्यात पेठेत भागतं, रविवारी संध्याकाळी मेस बंद असते तेव्हाची मिसळ धरून.

मेसचे खाडे (न जेवलेल्या दिवसांची वजावट) नीट धर. बहुतेक मेसवाले सलग तीन-चार दिवस नसाल आणि आदल्या दिवशी सांगितलं तरच खाडे देतात, वहीत लिहिल्याशिवाय तर मुळीच नाही. गावी जायचंय तर शुक्रवारी रात्री निघून सोमवारी सकाळी परत असं केलंस की एकही खाडा मिळत नाही आणि एसटीचे पैसे गेले ते गेलेच. जायचं तर आठवडाभर जा, नाहीतर जाऊ नकोस.

मेमध्ये पैसे आले की त्याच दिवशी हे कर. समजा परत साठ आले आणि पुढचे दिवाळीला, म्हणजे सहा महिने काढायचेत. एका महिन्याचे खात्यात ठेव आणि बाकीच्या पाच महिन्यांच्या पाच एफडी कर, प्रत्येकी ८,५०० च्या, एक महिन्याची, दोन महिन्यांची, तीन, चार, पाच. बँकेच्या ॲपमधून दहा मिनिटांचं काम आहे. व्याज चारशे-पाचशे मिळेल, ते महत्त्वाचं नाही, दर महिन्याच्या सुरुवातीला एका एफडीची मुदत संपून पैसे खात्यात येतात आणि तो तुझा पगार. ५१,००० असे बांधले गेले, राहिलेले ९,००० टेस्ट सिरीज, फॉर्म फी, पुस्तकं आणि आजारपणाला. नवीन टेस्ट सिरीज घ्यायचा मोह झाला की आधीच्या सिरीजचे किती पेपर सोडवलेत ते मोज.

आणि बाबांना आत्ता फोन करून एवढंच सांग की एप्रिलपर्यंत पुरतंय पण टाइट आहे. मागू नकोस, सांग. हरभरा कधी विकायचा हे ठरवताना त्यांना ते माहीत असलेलं बरं, नाहीतर पोराकडे आहेत पैसे म्हणून भाव वाढेपर्यंत थांबतील.

प्रश्न : मी नागपूरची. मुलगा बंगळूरला नोकरीला, पगार ६२,०००. मागच्या वर्षी पीजी सोडून स्वतःचा फ्लॅट घेतला भाड्याने, सहा महिन्यांचं डिपॉझिट आम्हीच दिलं. तेव्हापासून दर महिन्याच्या २४-२५ तारखेला फोन येतो, आई पाच हजार पाठव, सात हजार पाठव. ह्यांना न सांगता पाठवते. पाठवणं बंद करू का?

उत्तर : लगेच बंद नका करू, आधी तारखेकडे बघा. पैसे संपले म्हणून फोन येत असता तर कधी १८ ला आला असता, कधी २८ ला. दर महिन्याला २४-२५ म्हणजे त्या सुमाराला काहीतरी भरायचं असतं, आणि मला दाट शंका आहे की क्रेडिट कार्डचं बिल आहे. डिपॉझिट तुम्ही दिलंत, पण सोफा, टीव्ही, गादी, फ्रिज कशावर घेतलं ते विचारलंत का? कार्डाच्या बिलावर ‘मिनिमम ड्यू’ म्हणून एक छोटा आकडा असतो, तेवढा भरला की मुलांना वाटतं भागलं. उरलेल्यावर महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज लागत राहतं, वर्षाचे चाळीस टक्क्यांच्या आसपास, आणि नवीन खरेदीवरही पहिल्या दिवसापासून. तुमचे पाच-सात हजार बहुतेक त्या व्याजातच जिरतायत.

तसं असेल तर एकूण किती थकलंय तो आकडा त्याच्याकडून घ्या, आणि ऐपत असेल तर एकदाच सगळं फेडायला द्या, उसने म्हणून, महिन्याला ठरलेली रक्कम परत घ्यायच्या बोलीवर. जमत नसेल तर बँकेकडून त्याच थकबाकीचे हप्ते करून घेता येतात, व्याज कार्डापेक्षा कमी पडतं. तोपर्यंत कार्ड तुमच्याकडे कुरिअर कर म्हणा, हसेल, पण करा म्हणा. कार्ड नसेल आणि खरंच भाडं झेपत नसेल तर त्याला फ्लॅटमेट शोधायला सांगा, ६२,००० पगारात एकट्याचा फ्लॅट बंगळूरमध्ये कुठल्या भागात आहे त्यावर बरंच आहे.

नवऱ्याला सांगायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, मी त्यात पडत नाही. मुलाशी मात्र २५ तारखेला बोलू नका, तेव्हा तो घाईत असतो आणि तुम्ही घाबरलेल्या. १ तारखेला करा फोन, पगार झालेल्या दिवशी.

पुढच्या अंकासाठी पत्रं पाठवताना पगाराच्या स्लिपचे आणि पॅन कार्डाचे फोटो जोडू नका हो, या वेळी पण सहा जणांनी पाठवलेत. आकडे लिहिलेत की पुरे.